एका हातचं पुस्तक

"पुस्तक एका हातचं वाटलं पाहिजे," एवढंच वसीला शाबूनीचं म्हणणं होतं. लिहिणारे बारा असोत नाहीतर बावीस, वाचणाऱ्याला पान उलटताना ठेच लागता कामा नये. आता यात कोणाच्या पोटात दुखायचं कारण काय? पण हे एवढंसं म्हणणं तिने चार वर्षं घसा कोरडा करून सांगितलं आणि चार वर्षं लोकांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

पुस्तक होतं 'खिजाना' नावाच्या प्रोग्रॅमचं. खिजाना म्हणजे कपाट. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांनी औषधं किती आली, किती गेली, कोणत्या रोग्याला कायमचं काय लागतं, याची नोंद ठेवायची, त्यासाठीचा हा प्रोग्रॅम. फुकटचा आणि सगळ्यांचा. अम्मानच्या नौफलने पाया घातला, मग इराकमधल्या मोसुलपासून मोरोक्कोतल्या मेक्नासपर्यंत ज्याला जे येतं त्याने ते आणून ओतलं. कोणी प्रोग्रॅममधल्या चुका काढल्या, कोणी माहितीपुस्तकाचं एखादं प्रकरण लिहून पाठवलं. पगार कोणालाच नाही, त्यामुळे धाकही कोणाचाच नाही. वसीला ट्युनिसकडच्या स्फाक्स शहरातली. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली होती. निवृत्त झाल्यावर तिने हे पुस्तक उघडलं, तीन पानं वाचली आणि कपाळावर हात मारला.

एका प्रकरणात 'बटण दाबा'. दुसऱ्यात 'आता बटण दाबण्याची कृपा व्हावी'. तिसऱ्यात 'बटण दाबा आणि मग बघा गंमत'. ही गंमत तांताच्या शुक्रीची, त्या मिसरी, इजिप्तच्या, माणसाला विनोदाशिवाय घास गिळत नाही. मेक्नासच्या बदीआने प्रत्येक कृतीच्या आधी बिस्मिल्ला लिहिलेलं, एका पानावर अकरा वेळा. धोक्याची सूचना कुठे कृतीच्या आधी, कुठे नंतर, म्हणजे हात पोळल्यावर सांगायचं की तवा गरम आहे. आणि महिने! ते महिने तर विचारूच नका. अरबी बोलणाऱ्यांची भाषा एक असं ज्याला वाटतं त्याने एकदा यांना ऑगस्ट विचारून बघावा. ट्युनिसचा म्हणतो ऊत, मोरोक्कोचा गुश्त, मिसरचा अगुस्तुस, इराकचा आब. लिबियात तर एका जमान्यात त्याला हनिबाल म्हणायचे. औषधाची मुदत कधी संपते हे सांगणाऱ्या पुस्तकात एका महिन्याला पाच नावं! वसीलाचं डोकं फिरायचं ते उगाच नाही.

हे नुसतं नाकाच्या शेंड्यावरच्या रागाचं काम असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी या गोंधळापायी तीन दवाखान्यांत अनर्थ झाला होता. खिजानामध्ये दरवर्षी 'वर्ष बंद करणं' नावाची एक कृती असते. ती केली की इन्सुलिनवाल्या रोग्यांची यादी जुन्या वर्षातून नव्या वर्षात जाते. नाही केली, तर नवं वर्ष उजाडताच यादी कोरी. जुनी यादी कुलपात जाते आणि त्या कुलपाची किल्ली जिल्ह्याच्या कचेरीत असते. पाच जानेवारीला जिल्ह्याचं कोठार ज्याच्या त्याच्या यादीप्रमाणे कुप्या पाठवतं. यादीत नाव नाही, तर कुपी नाही. पुस्तकात ही कृती तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली होती. तीन दवाखाने त्यात चुकले आणि पुढचे तीन आठवडे तिथली माणसं शेजारच्या गावांतून उसनी इन्सुलिन मागत फिरली.

दक्षिणेकडच्या एकतीस दवाखान्यांचं पत्र आलं तेव्हा वसीलाने ठरवलं, यंदा असं होऊ देणार नाही. तिकडे इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत छापील पुस्तक पोचवायचं. पत्राखाली सही करणाऱ्यांत तताविनच्या पलीकडच्या डोंगरातली एक नर्स होती, मबरूका. तिने वसीलाला आदराने लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणून चार ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या: 'लल्ला वसीला, माझ्याकडे इन्सुलिनची त्रेचाळीस माणसं आहेत. मी एकटी आहे. तुम्ही जे लिहाल ते मी अक्षरशः करीन. फक्त नीट लिहा.' वसीलाने ते पत्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवलं.

नोव्हेंबरमध्ये तिने नियमावली काढली. वाक्य आखूड. कृती क्रमाने. सूचना कृतीच्या आधी. सलाम-दुवा नाही, विनोद नाही. आणि महिन्याचं नाव कोणाचंच नाही, आकडा लिहायचा, एक ते बारा. गुरुवारच्या बैठकीत सगळे आपापल्या घरून पडद्यावर आले आणि तिने हे वाचून दाखवलं, तर जणू तिने कोणाची तरी आई काढली.

"म्हणजे माझं गुश्त गेलं?" बदीआ म्हणाली. "आमच्या गावात याला आकड्याने कोणी ओळखत नाही हो!"

"आणि माझे विनोद?" शुक्री म्हणाला. "मदाम, त्या नर्सा बिचाऱ्या दिवसभर हगवण आणि खोकला बघतात. एवढंही हसू नये का माणसाने?"

"हसायचं असेल तर नवऱ्याकडे बघून हसतील," वसीला म्हणाली. "पुस्तक कामाचं आहे."

"खाल्ती," नौफल मधे पडला. तो तिला मावशी म्हणायचा आणि तिला जरा भ्यायचाही. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण पाळणार कोण? आजवर कोणी पाळलंय?"

"तूच सांग. पालथ्या घड्यावर किती वर्षं पाणी ओतू मी?"

मग नौफलनेच तोड काढली. त्याने एक चाळणी लिहिली. कोणीही पुस्तकात बदल पाठवला की तो आधी चाळणीतून जायचा. सलाम सापडला, परत. लांबलचक वाक्य, परत. महिन्याचं नाव दिसलं, परत. माणसाने माणसाला नाही म्हणायची वेळच नाही. वसीलाला एवढा आनंद झाला की तिने त्या दिवशी नवऱ्याला, मुंजीला, न मागता दुसरी कॉफी दिली.

मुंजीची तेलाची घाणी होती आणि नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे जैतुनाचा हंगाम, तो घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत तेलकट होऊन. "चाळणीतून कोंडा जातो तसे चार दाणेही जातात, वसीला," तो कॉफी पीत म्हणाला.

"तू तुझी घाणी सांभाळ," ती म्हणाली.

सगळ्यांत मोठी डोकेदुखी होती मोसुलचे गानिम. त्यांना सगळे अबू युनूस म्हणत. सत्तरीचे औषधविक्रेते, खिजाना त्यांच्याइतका आतून-बाहेरून कोणालाच कळत नव्हता. वर्ष बंद करण्याचं प्रकरण त्यांचंच. पण लिहिणं म्हणजे काय विचारता! नमनालाच घडाभर तेल. 'प्रिय भगिनी, प्रिय बंधू, आपल्या हातांना अल्ला बरकत देवो' इथून सुरुवात. मग त्यांच्या दुकानातला एक किस्सा, मग वीज जाते त्यावर दोन शिव्या आणि मग कुठे पहिली कृती. 'शलगमच्या गाड्या रस्त्यावर लागल्या, खजुराच्या पाकात शिजणाऱ्या शलगमचा वास गल्लीत शिरला, की समजा कानून-अल-अव्वल आला. तेव्हा वर्ष बंद करायला बसा.' हे असं! शलगमच्या वासावर इन्सुलिन!

वसीला मान खाली घालून चार आठवडे त्या पुस्तकावर बसली. चारशे बारा ठिकाणी महिन्यांची नावं होती. तिने एक तक्ता केला: डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. ऊत, गुश्त, अगुस्तुस, आब, सगळे आठ. अर्धं काम डोळे मिटून होण्यासारखं. अबू युनूसच्या प्रकरणात 'कानून' आला तेव्हा तिला हसूच आलं. स्फाक्समध्ये कानून म्हणजे चहाची मातीची शेगडी. इराकवाल्यांच्या दोन शेगड्या, पहिली आणि दुसरी. अव्वल म्हणजे पहिली. तिने तक्त्यात पहिल्या शेगडीपुढे एक लिहिलं, दुसरीपुढे दोन आणि पुढे गेली. अबू युनूसचा सलाम उडवला, दुकानातला किस्सा उडवला, शलगम उडवले. राहिलं ते वाक्य सुबक होतं: 'वर्ष महिना 1 मध्ये बंद करा. बंद करण्याआधी यादी तपासा.' जानेवारीत तर सगळं जगच मागच्या वर्षाची आवराआवर करतं. तिला त्यात काही खटकलं नाही. मग तेच वाक्य तिने उरलेल्या दोन्ही ठिकाणी, जिथे महिनाच दिलेला नव्हता, तिथेही घातलं, कारण एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची नाही हा तिचाच नियम.

दहा डिसेंबरला पुस्तकाला कुलूप लागलं. आता छपाई.

त्याच आठवड्यात अबू युनूसनी बदल पाठवला. चाळणीने परत केला. पुन्हा पाठवला. परत. तिसऱ्यांदा पाठवला, तोही परत. वसीलाच्या पडद्यावर फक्त एवढंच दिसायचं: 'गानिम, पान 41, महिन्याचं नाव, नाकारला.' तीन वेळा तेच बघून तिचा पारा चढला. म्हातारा हट्टाला पेटलाय, त्याला त्याची शेगडी परत हवी आहे! आणि चौथ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, सगळ्यांना दिसेल असं. 'माननीय सित्त वसीला, आपल्या घरावर, आपल्या पतीवर, आपल्या जैतुनाच्या झाडांवर अल्लाची कृपा असो.' वसीलाने पाच ओळी वाचल्या. अजून जैतुनाच्या झाडांवरच होते ते. तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं:

"अबू युनूस, पत्र लांब आहे आणि माझ्याकडे वेळ नाही. पुस्तकाला कुलूप लागलंय. आता त्यात स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही. आपण सगळेच आपापलं गाव दाराबाहेर ठेवून आत आलोय, तुम्हीही ठेवा."

यावर शुक्रीने एक टाळ्या वाजवणारं चित्र टाकलं, कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

पुस्तकं छापून आली. दोनशे एकसष्ट पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वळणाची. वसीलाने ती मांडीवर घेऊन नुसती चाळली, एकदाही ठेच लागली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. गठ्ठे दक्षिणेकडे जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांतून तिने स्वतः स्टँडवर उभं राहून चढवले. तिला जरा रडायला आलं, खरं सांगायचं तर.

एकोणतीस डिसेंबरला दुपारी काम नव्हतं. मुंजी घाणीवर. वसीलाला वाटलं, वर्ष संपतंय, म्हाताऱ्याला जरा जास्तच बोलले. दोन गोड शब्द लिहावेत. आणि लिहायचं तर निदान त्याचं पत्र तरी पुरतं वाचावं. ती ताबूनाची, मातीच्या भट्टीतली, भाकरी तेलात बुडवत वाचायला बसली. जैतुनाची झाडं झाली. त्यांच्या नातवाचं लग्न झालं. पुस्तकाची स्तुती झाली, तीही मनापासून. आणि अगदी शेवटी, सलामाच्याही आधी, एक ओळ होती:

'एक बारीकशी गोष्ट, आपल्यासारख्या विदुषीला सांगायला संकोच वाटतो. पान एक्केचाळीसवर आपण माझ्या कानून-अल-अव्वलला पहिला महिना केलंत. तो वर्षाचा शेवटचा महिना आहे.'

हातातली भाकरी तेलात पडली. तिने ओळ पुन्हा वाचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, जणू ते काही वेगळं सांगणार होतं. पहिला कानून डिसेंबर! दुसरा कानून जानेवारी! अम्मानच्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. सव्वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईने विचारली नाही, कारण अव्वल म्हणजे पहिला, त्यात विचारायचं काय? आणि एकतीस दवाखान्यांत तीन-तीन ठिकाणी छापून ठेवलं की वर्ष जानेवारीत बंद करा. जानेवारीत बंद करायला उरणार होतं काय? कपाळ!

तिने मोसुलला फोन लावला.

"सित्त वसीला!" अबू युनूस म्हणाले. "आपण कशा आहात, सी मुंजी कसे आहेत, हंगाम..."

"अबू युनूस, तीन वेळा पाठवलंत तुम्ही. आकडा का नाही लिहिलात हो? बारा! नुसतं बारा लिहिलं असतंत तर चाळणीने घेतलं असतं!"

"मला लिहायचं होतं की कानून-अल-अव्वल म्हणजे काय," ते म्हणाले. "कानून-अल-अव्वलचं नाव न घेता ते कसं लिहायचं? माझ्या सासऱ्याने मला दोनदा नकार दिला होता, सित्त वसीला. तुमच्या चाळणीने तीनदा दिला. मग मी पत्र लिहिलं. मग तुम्ही लिहिलंत की गाव दाराबाहेर ठेवा."

"मग फोन करायचा होतात! मला शिव्या घालायच्या होत्यात!"

"एकदा सांगावं, दोनदा सांगावं. त्यापुढे सांगणारा माणूस दारावरचा भिकारी होतो. आणि मला वाटलं, ट्युनिसच्या दवाखान्यांची रीत वेगळीही असेल. तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलं होतंत."

"चूक माझी आहे," वसीला म्हणाली. "माफ करा. आता दवाखान्यांना फोन लावते."

"लावा, लावा. सलाम नंतर करू."

अडीच दिवस होते. तिने वहीत एकतीस नावं लिहिली आणि फोन घेऊन बसली. पहिलाच फोन मतमाताकडे.

"पान एक्केचाळीस?" तिथला नर्स म्हणाला. "कसलं पान, मदाम?"

"पुस्तकाचं! मी पाठवलेलं पुस्तक!"

"हां, ते! चांगलं जाड आहे हो. औषधांचा फ्रिज डुगडुगत होता, त्याच्या पायाखाली लावलंय. वर्ष ना? ते मी पंधरवड्यापूर्वीच बंद केलं. दरवर्षी करतो."

दुसरीकडे पुस्तकाचा गठ्ठा सोडलेलाच नव्हता. तिसरीकडची नर्स म्हणाली, "मदाम, वाचणार होते, पण चष्मा फुटला." चौथीकडे म्हणे डॉक्टरसाहेब घरी घेऊन गेले. पाचवा म्हणाला, "पुस्तक वाचून कोणी प्रोग्रॅम चालवतं का? एकमेकांना विचारतो आम्ही." तीस डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस जणांशी बोलणं झालं. सगळ्यांनी वर्ष आपापलं वेळेवर बंद केलेलं होतं. वाचलेलं कोणीच नव्हतं. आता यावर हसावं की छाती बडवून घ्यावी? चार आठवडे डोळे फोडले, अबू युनूसचं मन मोडलं, बदीआचं गुश्त हिरावलं, ते फ्रिज डुगडुगू नये म्हणून!

"बघ, तुझ्या पुस्तकाने कोणाचं वाईट केलं नाही," मुंजी म्हणाला.

"गप्प बस. चांगलं तरी केलं का कोणाचं?" ती म्हणाली. पण जेवताना तिने पाचव्या नर्सचं बोलणं त्याला नक्कल करून दाखवलं आणि दोघंही हसली. जीव भांड्यात पडला होता.

एकतीसला सकाळी आणखी दोन झाले. राहिली मबरूका. दवाखान्याचा फोन मेलेला, कोणीतरी तार कापून नेली होती. तिचा स्वतःचा फोन लागेना. शेजारच्या गावातल्या दुकानदाराने सांगितलं, ती मेंढपाळांच्या मुलांना लस टोचायला वर डोंगरात गेली आहे, उद्या-परवा येईल. वसीलाने तताविनच्या स्टँडवर फोन करून एका गाडीवाल्याच्या हातापाया पडून 'आल्या आल्या मला फोन कर' एवढाच निरोप पाठवला. त्याने चिठ्ठी नेली, दवाखान्याच्या दाराखालून आत सरकवली आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं, "दाराला कुलूप आहे, बाईसाहेब. आत कोणी नाही." रात्री नौफलने अम्मानहून खटपट केली, पण त्या दवाखान्याचा कॉम्प्युटर बंद असताना तो तरी काय करणार?

"तिनेही आधीच केलं असेल, खाल्ती," तो म्हणाला. "सगळ्यांनी केलंय."

"असेल," वसीला म्हणाली. तिने कपाटाच्या दाराकडे बघायचं टाळलं.

दोन जानेवारीला सकाळी साडेनऊला फोन वाजला.

"लल्ला वसीला? नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मबरूका बोलतेय. शेजारच्यांच्या फोनवरून. ती चिठ्ठी आत्ता मिळाली मला, दाराशी पायपुसण्याखाली सरकली होती." आवाज बारीक होता आणि ती घाई करत होती. "पण माझं काहीतरी चुकलंय हो. मी सकाळी सातला बसले, पान एक्केचाळीस उघडलं, सगळं त्याप्रमाणे केलं. यादी तपासा म्हणून लिहिलंय, तर यादीच नाही. तीनदा वाचलं मी. पहिल्या महिन्यातच म्हटलंय ना? मी काय वगळलं?"

"तू काही वगळलं नाहीस," वसीला म्हणाली. "ते चुकीचं छापलंय. डिसेंबर हवा होता. माझी चूक आहे, मबरूका. माझ्या एकटीची."

"असं," मबरूका म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वसीला घाईघाईने बोलत सुटली. कुलपाची किल्ली कचेरीत आहे, कचेरी आठ तारखेपर्यंत उघडत नाही. यादी पुन्हा हाताने भरता येते, नौफल सांगेल. अबू युनूस म्हणून मोसुलचे एक आहेत, ते जुन्या चिठ्ठ्यांवरून नावं कशी काढायची ते फोनवर सांगतील, ते जरा लांबण लावतात, पण ऐकून घे, मधे तोडू नकोस. पाच तारखेच्या आत भरलं की झालं.

"एकतीस नावं तोंडपाठ आहेत मला," मबरूका म्हणाली. "डोसही माहीत आहेत. बाकीच्या बाराजणांच्या घरी जावं लागेल. चौघं तर वर मेंढ्यांबरोबर आहेत, कालच मी तिथून उतरले. ठीक आहे. आत्ता निघाले तर तीन दिवसांत दहाजण तरी होतील."

"आणि दोघं?"

"बघू." मागे कोणीतरी तिला हाक मारली. "येते, येते! लल्ला वसीला, फोन यांचा आहे, ठेवते मी."

"मबरूका, थांब. एक सांग मला." वसीलाला विचारल्यावाचून राहवेना. "गेल्या वर्षी तू डिसेंबरमध्येच बंद केलं होतंस ना? मग यंदा जानेवारी वाचून तुला विचित्र नाही वाटलं?"

"आठवत होतं मला," मबरूका म्हणाली. "पण गेल्या वर्षीच्या पुस्तकात एका पानावर एक होतं, दुसऱ्यावर दुसरं. काही कळेना, म्हणून मी फोन करून विचारलं होतं नौफलना. यंदाचं पुस्तक तसं नव्हतं हो. तिन्ही ठिकाणी तेच वाक्य, अगदी एकसारखं. म्हटलं, एवढ्या नीट लिहिलेल्यात काय शंका काढायची?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग तिने मोसुलला फोन लावला आणि अबू युनूसनी सगळ्या घरादाराची खुशाली विचारून होईपर्यंत एकही शब्द मधे बोलली नाही.